न चावणाऱ्या डासांचे लडकूदादा

लडकूदादांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत डासांच्या पिंजऱ्यात होता. विचारणं नाही, सांगणं नाही, सदऱ्याची बाही वर सारली आणि हात आत. मी किंचाळलेच. "अहो, काय करताय!" ते माझ्याकडे ढुंकूनही न बघता तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होते. शंभर झाले तसा हात बाहेर काढला, खिडकीपाशी जाऊन उजेडात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "एक बी चावला नाय. बाय, हे डास हायत का चिलटं?"

"नर आहेत दादा. नर चावत नाही."

"ते मना नको शिकवू. तीस वर्सं डासांच्याच मागं फिरलोय. तुम्ही खरा बोलता का ते बगत होतो."

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. तिथे आम्ही डास वाढवायचो. हे डोंबिवलीतल्या माझ्या नातेवाइकांना सांगितलं की प्रत्येक जण एकच विनोद करायचा, "अगं, जगात काय डास कमी पडलेत?" आम्ही डेंगीच्या डासांची पैदास करायचो, कोशात असतानाच चाळणीने नर आणि माद्या वेगळ्या करायचो (नराचा कोश लहान असतो), आणि मग नरांवर यंत्रातून किरणांचा मारा करायचो. त्याने नर निर्बीज होतात. असे नर वस्तीत सोडले की ते तिथल्या माद्यांशी जोडी जमवतात, पण त्या माद्यांची अंडी उबत नाहीत. मादी बहुधा आयुष्यात एकदाच जोडी जमवते, त्यामुळे आठवड्यातून दोनदा नर सोडत राहिलं तर पुढची पिढी आटत जाते. कागदावर हे फार सुंदर दिसतं. वस्तीत मात्र त्यासाठी कुणीतरी आपला माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणून लडकू मढवी आमच्याकडे आले होते.

दादा विठ्ठलवाडी स्टेशनच्या पलीकडच्या गावठाणातले आगरी. वडील मिठागरावर राबले. पुढे जमिनी गेल्या, उरली त्या तुकड्यावर दादांनी दहा खोल्यांची चाळ बांधली आणि भाडेकरू ठेवले. स्वतः मात्र पालिकेच्या मलेरिया खात्यात धुराचं मशीन खांद्यावर मारून निवृत्त होईपर्यंत गल्ल्या पालथ्या घालत राहिले. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, डोळे बारा महिने लाल. वाक्य सुरू केलं की मध्ये एकदा खोकायचे आणि मग पुरं करायचे. मला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे. संस्थेतले शिपाईसुद्धा मला मॅडम म्हणायचे, दादांनी मात्र मला 'बाय' करून टाकलं. त्यांच्या बोलीत ती माया असते हे मला कळायला थोडे दिवस लागले. सुरुवातीला मी नाक मुरडायचे.

"धूर लोकांना दाखवाला असतंय, डासांना नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा मी विचारलं, "मग तीस वर्षं का मारलात?" तर खोकले आणि म्हणाले, "नोकरी होती. लोक खिरक्यांत येऊन बगायची, पोरं मागं धावायची. लोकांना बरा वाटायचा. डास मेला का नाय ते देवाला ठावं. माझी छाती मात्र मेली." तुमच्या कामात धूर नाही, म्हणूनच मी आलो, असंही त्यांनी सरळ सांगून टाकलं. पगार किती ते त्यांनी दोन आठवडे विचारलंच नव्हतं.

आम्ही माहितीपत्रकं छापली होती, रंगीत, आकृत्या वगैरे. दादांनी त्यातलं एक वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि नळावरच्या बायकांना आपल्या पद्धतीने समजावलं, "म्हंजे बगा, नवरा मिलतो, मांडव परतो, हलद लागते, वाजंत्री वाजते. पालना तेवरा हालत नाय." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. जे मला अर्ध्या तासात जमलं नसतं ते त्यांनी नळाला पाणी येईपर्यंत उरकलं. वर माझ्याकडे बोट दाखवून, "आनि ही बाय त्या सगल्या नवऱ्यांची आई. सोताचं लगीन करायला तिला टाइम नाय." मी तेव्हा चौतिशीची होते, घरी आईचा तोच जप चालायचा. मला राग यायला हवा होता. आला नाही.

खरी अडचण वेगळीच होती. पालिकेच्या धुराने आमचे नरही मेले असते. म्हणजे आम्ही नर सोडत असू तोवर गावठाणात फवारणी बंद ठेवायची, आणि तीही डेंगीच्या मोसमात. हे गावाच्या गळी कोण उतरवणार? गावदेवीच्या देवळापुढे गावकी बसली. सगळा गाव जमला, म्हातारे पुढे, तरणी पोरं पाठीमागे मोटारसायकलींना टेकून. एक जण ओरडला, "हे डास चावले तर आमाला पन पोरं व्हनार नाय, असा बोलतात!" दादा वळले. "तुला चार हायत रं. आता थांबलास तर गावावर उपकार होतील." हशा पिकला. दुसरा म्हणाला, "आमच्यावर कशाला प्रयोग? मोठ्या टावरात जाऊन करा ना." दादांनी सदऱ्याची बाही वर केली, नरांचा डबा मागवला आणि सगळ्यांसमोर हात आत घालून शंभर आकडे मोठ्याने मोजले. पाठीमागची पोरंही शेवटी मोजू लागली.

मग त्यांनी जे केलं ते आमच्या कुठल्याच कागदात नव्हतं. त्या गावात देवीपुढे नारळ ठेवून दिलेला शब्द हा सह्याशिक्क्यापेक्षा मोठा. भांडणं त्यावर मिटतात, सोयरिकी त्यावर ठरतात. दादांनी नारळ ठेवला आणि म्हणाले, "डबा येतंय तवर धुराची गारी गावात येनार नाय, मी येऊ देनार नाय. आनि ज्या आठवऱ्याला डबा नाय आला, त्या आठवऱ्याला मी सोता मशीन खांद्यावर मारून दारोदार फिरन. हा माझा शब्द." गावकी उठली. मी खुशीत होते. परवानगी मिळाली, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सरांना फोन केला, पेढेही वाटले. गावातल्या निम्म्याहून जास्त खोल्यांत भाडेकरू राहत होते आणि त्यांच्यातलं एकही माणूस त्या बैठकीत नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

पुढचे चार महिने चांगले गेले, खरंच चांगले गेले. सकाळी आमची गाडी डबे घेऊन यायची. डास थंड करून आणायचो, गारठ्याने ते निपचित पडलेले असायचे. झाकण उघडलं की दहाएक मिनिटांत एकेक उठून उडायला लागायचा. दादा प्रत्येक डब्याशी उकिडवे बसायचे. "जा रे बाबांनो, संसार करा," एवढं म्हटल्याशिवाय त्यांनी एकही डबा उघडला नाही. जागोजागी आम्ही पाण्याचे काळे पेले ठेवले होते, आत कागदाची पट्टी. माद्या त्या पट्टीवर अंडी घालतात. दर आठवड्याला दादा पट्ट्या उन्हात धरून बघायचे आणि मी मोजायच्या आधीच आकडा सांगायचे, तो फारसा चुकायचा नाही. अंडी कमी होत चालली होती. त्यातही न उबणारी वाढत होती.

तरी ते कुणाला गाफील राहू द्यायचे नाहीत. पाणी एक दिवसाआड यायचं, त्यामुळे घरोघरी पिंपं. "डब्यावर भरोसा, पन पिपाला झाकन," असं म्हणत दारोदार पिंपं ठोकत फिरायचे. मग मला घरी जेवायला न्यायचे. त्यांची बायको हिराबाई, गावच्या तोंडी हिरूवयनी. तांदळाची भाकरी आणि सुकट वाढायची आणि समोर बसून मी पुरतं जेवते की नाही त्यावर पहारा ठेवायची. फार बोलायची नाही. बोलली तर मोजकं, आणि ते लागायचं.

दादांच्या चाळीच्या शेवटच्या खोलीत सविता राहायची. जालन्याकडची, सव्वीस-सत्तावीसची, उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाईला जाणारी. नवरा कल्याणला रिक्षा चालवायचा, मुलगा दीड वर्षाचा. चाळीतल्या सगळ्या पिंपांत तिच्या पिंपाचं झाकण सर्वांत घट्ट, वरून वीट ठेवलेली. दादा इतर भाडेकरणींना तिचं उदाहरण द्यायचे. ती हसून म्हणायची, "दादा, माझ्या एकटीच्या झाकणानं काय होतंय हो?"

ऑक्टोबर आला आणि आमच्या गाडीची थंड करायची यंत्रणा बिघडली. दुरुस्तीची मंजुरी वर अडकली. घोडबंदर रोड जागोजाग खणलेला, एकेका सिग्नलला अर्धा अर्धा तास, बाहेर जाळणारं ऊन. मी डबे मांडीवर घेऊन बसायचे, ओलं फडकं गुंडाळायचे. पहिल्या दिवशी गावठाणात उतरले तेव्हा डबा उघडायच्या आधीच मला कळलं, कारण डबा कोमट लागत होता. आतले बहुतेक सगळे मेले होते. सरांना फोन केला. ते म्हणाले, "जे जिवंत असतील ते सोडा आणि नोंद नेहमीसारखी करा. पुढच्या महिन्यात कामाची पाहणी करायला समिती येतेय, तक्त्यात खंड दिसायला नको." त्यांनी माझ्या डोक्याला बंदूक लावली नव्हती. 'नाही लिहिणार' म्हटलं असतं तर फार तर ओरडले असते. पण त्या तक्त्यावर माझा शोधनिबंध उभा होता आणि मला तो हवा होता. मी नोंद केली.

दादा डब्याशी बसले. "जा रे बाबांनो" म्हणून झालं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पाच-दहा उडाले, बाकी तसेच.

"बाय, हे उठत नाय."

"उठतील दादा. आज जरा जास्तच गार झालेत."

डबा मी माझ्याच हातात धरून ठेवला होता, त्यांच्या हातात दिला नाही. दिला असता तर त्यांना हाताला कळलं असतं. मी हे ठरवून केलं, मुद्दाम केलं. आजवर हे कुणाला एवढं स्पष्ट सांगितलेलं नाही. दादांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुढच्या जागेकडे चालू लागले. मी शिकलेली, मी म्हणते म्हणजे असेल.

असं तीन आठवडे चाललं. मध्ये एकदा येऊन म्हणाले, "सकाली ठेवलेल्या डब्याला मुंग्या लागल्यात." मी म्हटलं, थोडे मरतातच, त्याचा हिशेब धरलेला असतो. हेही खोटं नव्हतं. थोडे मरतातच. माझ्यासारखी माणसं अशीच बोलतात, अर्ध्या खऱ्याची गोधडी पांघरून.

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या वस्तीत डेंगीचा रुग्ण निघाला आणि पालिकेची धुराची गाडी गावठाणाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. गाडीवरचा माणूस दादांच्याच हाताखाली शिकलेला. दादा रस्त्यात आडवे उभे राहिले. तिथून त्यांनी मला फोन लावला. मी प्रयोगशाळेत होते, समितीसाठी तक्ते रंगवत.

"बाय, मशीनवाले आलेत. डबा चालू हाय ना? तुझ्या तोंडानं सांग, म्हंजे मी ह्यांना फिरवतंव."

मला आठवतं, मी खुर्चीतून उठून उभी राहिले. कशासाठी, कोण जाणे. सांगायचं होतं बहुधा. आणि म्हणाले, "चालू आहे दादा."

"बस. तुझा शब्द तो माझा शब्द." फोन बंद झाला. गाडी परत गेली.

त्याच आठवड्यात सविता मुलाला कडेवर घेऊन त्यांच्या दारात आली. पोराच्या दंडावर लाल गांध्या. "दादा, धूर कधी येणार हो? दिवसाढवळ्या चावतात." दादांनी तिला समजावलं, आपले चावत नाहीत, हे बाहेरचे असतील, थोडी कळ काढ. मग मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, आसपासच्या वस्तीतून माद्या उडून येतात, जोडी आधीच जमलेली असते, त्यांना आपले नर काही करू शकत नाहीत. पुन्हा खरं बोलले. दादा म्हणाले, "तिला सांगतंव तसा." गेले आणि सांगितलं.

दिवाळीच्या तोंडावर सविताला ताप भरला. कारखान्यात घाईचे दिवस, खाडा केला तर दुसरी बसवतील म्हणून दोन दिवस ती तापातच मशीनवर बसली. तिसऱ्या दिवशी उभी राहता येईना. कल्याणला रुग्णालयात नेलं तेव्हा प्लेटलेट्स फार खाली आल्या होत्या. दादा घरोघर फिरले, सहा तरणी पोरं रक्त द्यायला घेऊन गेले. त्यात गावकीत 'आमाला पन पोरं व्हनार नाय' म्हणून ओरडलेला तोही होता. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली.

मी पोचले तेव्हा दादा रुग्णालयाच्या जिन्यात बसले होते. सविताचा मुलगा त्यांच्या मांडीवर झोपलेला, नवरा आत कागद करत होता. मी एक पायरी खाली बसले. त्यांनी पोराचं डोकं मांडीवर सारखं केलं. मग विचारलं, "बाय, एक इचारतंव. खरा सांग. त्या तीन आठवऱ्यांतले नर जिते होते का?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, गाडीचं, कोमट डब्याचं, तक्त्याचं, फोनवर उठून उभी राहिले होते तेही. वाटलं, ओरडतील, हाणतीलसुद्धा. त्यांनी हाणलं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते. ते खोकले, पोर जागं होऊ नये म्हणून तोंडावर हात धरून खोकले, आणि म्हणाले, "मग मी मशीन आनला असता."

"दादा, तिला नेमकं कुठे चावलं ते कुणीच सांगू शकत नाही. कारखान्यातही चावलं असेल. आणि धुराने काही होत नाही, तुम्हीच म्हणता."

"धुरानं काय व्हतंय ते मना म्हायती. पन मी बोललो होतो." मांडीवरच्या पोराकडे बघत म्हणाले, "आनि ह्या बाईला कोनी इचारला पन नव्हता. ती गावकीत होती का? आपन तिच्या वतीनं नारल ठेवला."

चार दिवसांनी गावकी बसली. मला बोलावलं होतं, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बाजूला बसवलं होतं. या वेळी कुणी हसत नव्हतं. एकाने विचारलं, "लडकू, डबा येत होता ना? मग ही बाई कशी मेली?" दादा उठले. म्हणाले, "डब्यातले नर मेलेले येत होते. गारीत उष्मा झाला. मना कलला नाय." सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. त्याच माणसाने पुढे विचारलं, "आनि मॅडमनी तुला सांगितला नाय?"

"सांगितला होता," दादा म्हणाले. "मॅडमनी सांगितला होता. मीच मनावर घेतला नाय. म्हातारा झालो. चूक माझी."

मी तिथे बसले होते. पाच पावलांवर देवीची मूर्ती, समोर दीडशे माणसं, आणि ज्याने आयुष्यात शब्द फिरवला नाही तो माणूस माझ्यासाठी देवीपुढे उभा राहून खोटं बोलत होता. उठायला किती वेळ लागतो? मी उठले नाही. घाबरले होते. नोकरी जाण्याला, पोलिसांना, त्या पाठीमागच्या पोरांना. घाबरट मी लहानपणापासून आहे, फक्त इंग्रजी चांगलं असल्यामुळे लोकांना ते दिसत नाही.

नंतर त्यांच्या ओट्यावर मी रडले. दादा माझ्याकडे बघेनात. "तुझ्यासाठी नाय बोललो. तुझा नाव घेतला असता तर पोरांनी गारी फोरली असती, आनि परत ह्या गावात असल्या कामाला कोनी दार उघरला नसता. काम खरा हाय, बाय. आपन खोटे निघालो." मग आत वळून म्हणाले, "अगो, हिला पानी दे." वयनीने पाणी आणून दिलं. त्या दिवशी तिने जेवायचं विचारलं नाही.

सविताचा नवरा मुलाला घेऊन कायमचा जालन्याकडे गेला. दादा त्याला एसटीत बसवून द्यायला कल्याणच्या स्टँडवर गेले होते. पोराला त्यांनीच घेतलं होतं. "तो मना काय बोलला नाय," मला फोनवर म्हणाले. "बोलला असता तर बरा वाटला असता." गावही त्यांना काही बोलला नाही. वाळीत टाकणं वगैरे आता कोण करतं? फक्त विचारणं थांबलं. लग्नसराईत हळदींची आमंत्रणं घरावर यायची, पण नवरदेवाला हळद लावायला कुणी पुढे बोलवायचं नाही. गावकीत गावच्या वतीने नारळ ठेवायचा मान दुसऱ्याकडे गेला. भांडण घेऊन त्यांच्या दारात कुणी आलं नाही. हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं, तक्रार म्हणून नाही, बाजारभाव सांगावेत तसं. "बरोबर हाय त्यांचा. शब्द मोरला म्हंजे मानूस मोरला."

समिती आली, पाहून गेली. तक्त्यात खंड नव्हता. पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळाली, दुसऱ्या वस्तीत, नव्या गाडीसह. आता तिथे अंडी खरोखर कमी होत आहेत, आणि मी तोच तक्ता लोकांना दाखवते तेव्हा ते टाळ्या वाजवतात. दादांना मी पुढच्या टप्प्यात या म्हणून दोनदा विचारलं. "मना नको. आता मी कोनाला काय सांगू?" त्यानंतर मी जाणं कमी केलं. कामं होती. कामं नेहमीच असतात.

पुढच्या थंडीत त्यांच्या छातीने दगा दिला. मला कळलं ते तिसऱ्या दिवशी, धुराच्या गाडीवरच्या त्या माणसाच्या फोनने. म्हणाला, "मॅडम, दादा गेले. शेवटी शेवटी बोलता येत नव्हतं."

बाराव्याला मी गेले. अंगणात मांडव, जेवणाच्या पंगती उठत होत्या, गावकीतली सगळी तोंडं होती. विठ्ठलवाडी स्टेशनवर उतरून चालत येताना मी वाक्यं पाठ केली होती. मांडवाच्या मधोमध उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले की दादा तेव्हा खोटं बोलले, मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. नर मेलेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्यांनी विचारलं तेव्हाही मी डबा चालू आहे असंच सांगितलं. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती.

वाढपी थांबले. कुणी चिडलं नाही, कुणी अंगावर आलं नाही. दगड मारले असते तर खाल्ले असते, त्याची तयारी करून गेले होते. म्हातारे खाली बघत राहिले. हिरूवयनी आतून आली, माझ्या दंडाला धरून मला बाजूला भिंतीपाशी घेऊन गेली.

"सगल्यांना म्हायती होता, बाय. त्याच दिवशी. त्याला खोटा बोलता येत नव्हता, शेंबऱ्या पोराला पन कलला असता."

"मग वयनी, इतके दिवस कुणी काहीच कसं बोललं नाही?"

"तू उठशील म्हनून थांबलेले." तिने माझा दंड सोडला. "तो पन."